कारणाचा रकाना

लातूर,
३ ऑगस्ट २०२५

प्रिय संघपाल,

मायना लिहायलाच अर्धा तास गेला. 'माननीय राजदूत महोदय' लिहिलं आणि खोडलं. महोदय लावून पाठवलेले माझे दोन ई-मेल जुलैतच तुझ्या दूतावासात पोचले आहेत. दोन्हींना एकच उत्तर आलं, 'अर्जदाराने आपल्या नियोक्त्यामार्फत अर्ज करावा.' म्हणून आता तुझ्या खासगी पत्त्यावर लिहिते आहे. हातानं लिहून पानांचे फोटो पाठवते, कारण टाइप करायला बसले की मी ऑफिसची होते, आणि आज मला ऑफिसची व्हायचं नाही.

अबुजर तू आहेस त्याच देशात आहे. आपण बारावीला असताना तू ज्याला खांद्यावर बसवून गंजगोलाईत जिलबी खायला न्यायचास, तो माझा धाकटा भाऊ. आता चौतीस वर्षांचा आहे, बायको अर्शी आणि एक मुलगी इथं आमच्यासोबत राहतात. नदीवरच्या नव्या पंपहाउसवर तो फिटर म्हणून गेला. काम तुझ्या जुन्या कंपनीचं आहे. १९ जुलैला पंपाचं कपलिंग बसवताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं त्यात सापडून चेंगरली. कॅम्पच्या डॉक्टरनं टाके घातले आणि गोळ्या दिल्या. जखम भरत नाही, तापही उतरत नाही.

त्याला घरी यायचंय. त्याच्याकडे पासपोर्ट नाही. गेल्या गेल्या तो साइट ऑफिसात जमा करून घेतला. त्याच्यासकट चौदा जणांचे पासपोर्ट तिथल्या तिजोरीत आहेत. मॅनेजर म्हणतो, दोन ऑक्टोबरला उद्घाटन आहे, तोवर कुणालाही सोडता येणार नाही.

जानेवारीत नांदेडला तुझा सत्कार झाला, तेव्हा मी आणि अब्बा सातव्या रांगेत होतो. जळकोटचा पोरगा पंप विकत विकत देगलूरहून आफ्रिकेपर्यंत गेला, कंपनीचा तिथला प्रमुख झाला आणि परराष्ट्र सेवेची परीक्षा न देताही सरकारनं त्याला राजदूत केलं, हे ऐकताना अब्बांनी दोनदा चष्मा पुसला. मग तू दाखल्याची गोष्ट सांगितलीस. सत्त्याण्णव साली आपल्या कॉलेजनं तुझे मूळ कागद अडवले, पहिला आलेला मुलगा त्यांच्याच पदवी कॉलेजात राहावा म्हणून. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. आणि तू म्हणे प्राचार्यांपुढं ताठ उभा राहिलास आणि म्हणालास, 'सर, माझे कागद माझे आहेत.' केवढ्या टाळ्या पडल्या.

परतीच्या एस.टी.त लोहा गेल्यावर मी विचारलं, "अब्बा, रजिस्टरांचं का नाही सांगितलं त्यानं?"

अब्बा म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. येवढ्या मोठ्या स्टेजावर रजिस्टरं बांधणाऱ्या जिल्दसाजाला कुठं बसवायचं?"

मला ते लागलं होतं. डायरीत लिहिलं आणि सोडून दिलं. आजही त्यासाठी लिहीत नाही. फक्त एवढंच, की कागद अडले की काय होतं हे तुला सांगावं लागणार नाही.

अबूचा पासपोर्ट सोडव.

तुझी,
बिलकीस

*

भारतीय दूतावास,
८ ऑगस्ट २०२५

प्रिय बिलकीस,

तुझं पत्र पाहून आनंद झाला आणि मजकूर वाचून चिंता वाटली. अबूच्या प्रकरणाची आमच्या विभागाने गांभीर्याने दखल घेतली आहे. कंपनीच्या व्यवस्थापनाशी माझं स्वतः बोलणं झालं. त्यांच्या वैद्यकीय अहवालानुसार दुखापत किरकोळ आहे आणि उपचार समाधानकारक आहेत.

पासपोर्टबद्दल गैरसमज नसावा. ते 'जप्त' केलेले नाहीत, सुरक्षित ठेवलेले आहेत. या भागात कामगारांच्या वस्तीत चोऱ्या होतात. परदेशी प्रकल्पांवर ही सर्वसाधारण पद्धत आहे. प्रत्येकाला पावती दिली जाते.

तू एक समजून घे. मी आता कंपनीत नाही. कंपनीत असताना एक फोन केला की बोट बंदरातून सुटायची. इथे मी देशाचा प्रतिनिधी आहे. दोन सरकारांनी मिळून उभा केलेला हा प्रकल्प आहे. उद्घाटनाला इथले मंत्री येणार आहेत. आठ आठवड्यांवर कार्यक्रम असताना राजदूताने एका खासगी करारात हात घातला, तर त्याचा अर्थ वेगळा काढला जाईल. थोडा धीर धर. वर्तमानपत्रवाल्यांकडे मात्र जाऊ नकोस, त्याने अबूचंच नुकसान होईल.

निजामोद्दीनचाचांना माझा नमस्कार. भाषणात वेळेचं बंधन होतं, सगळंच सांगता येत नाही.

सस्नेह,
संघपाल

*

लातूर,
१३ ऑगस्ट २०२५

संघपाल,

तुझ्या पत्रातली 'दखल', 'समाधानकारक' आणि 'सर्वसाधारण पद्धत' ही तिन्ही मी रोज लिहिते. लोकांना दारातून परत पाठवायचं असतं तेव्हा लिहिते.

काल मडिवाळप्पाचा फोन आला. उदगीरकडचा वेल्डर आहे, अबूच्याच खोलीत असतो. म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ तुमाला खरं सांगत न्हाई म्हून मी सांगतो. राग धरू नका. हात वास मारून ऱ्हायलाय. रात्री आमी खिडकी उगडी ठिवतो."

मी विचारलं, "कॅम्पचा डॉक्टर काय म्हणतो?"

"डाक्टर? त्यो कंपनीचा. त्याला इचारलं की म्हनतो, 'हात हाय ना? मग हाय की.'"

हा तुझा समाधानकारक उपचार. सोबत हाताचा फोटो पाठवते. तो बघितल्याशिवाय पुढचं वाचू नकोस. मंत्री येण्याआधी तो हात तुझ्या जेवणाच्या टेबलावर यायला हवा.

दुसरा फोटोही मडिवाळप्पानंच पाठवलाय. मेसच्या भिंतीवर नियमावली लावली आहे, इंग्रजीत आणि खाली मराठीत. सातवा नियम: 'सर्व कर्मचाऱ्यांचे मूळ पासपोर्ट प्रकल्प पूर्ण होईपर्यंत साइट ऑफिसच्या ताब्यात राहतील. मधल्या काळात ते परत मिळणार नाहीत.' तारीख मार्च २०१७. खाली आफ्रिका विभागप्रमुखाची सही.

नाव वाचायची मला गरज पडली नाही. ती सही माझ्या रसायनशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानांवर जन्माला आली आहे. शेवटच्या अक्षराची शेपटी पार समासाबाहेर न्यायचास तू. मी म्हणायचे, एवढी मोठी सही करणारा माणूस कशावर सही करणार आहे? आता कळलं.

'गैरसमज नसावा' असं तू मला लिहिलंस! 'सर्वसाधारण पद्धत' म्हणालास, जणू ती पद्धत आभाळातून पडली. ती तू लिहिलीस. आठ वर्षं ती चालू आहे. 'माझे कागद माझे आहेत' म्हणून टाळ्या घेणाऱ्या माणसानं ती लिहिली, आणि त्या टाळ्यांत माझ्याही होत्या, याचा मला जास्त संताप येतो.

मला तुझा नमस्कार अब्बांपर्यंत पोचवायचा नाही.

बिलकीस

*

१९ ऑगस्ट २०२५

बिलकीस,

हे पत्र दूतावासाच्या कागदावर नाही, हे लक्षात घे.

हो, सही माझी आहे. दोन हजार सतरा साली पहिल्या प्रकल्पावर सहा जण मधेच निघून गेले. दोघे जळकोटचे, माझ्या ओळखीवर घेतलेले. त्यांच्या जागी दुसरे आणेपर्यंत काम तीन महिने बंद पडलं. मुख्यालयात बसलेल्यांनी मला तोंडावर सुनावलं, 'तुमची माणसं अशीच असतात.' तुमची म्हणजे कोणाची, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. त्या आठवड्यात मी तो नियम लिहिला. पुन्हा कुणी गेला नाही. मला पुढची बढती त्याच प्रकल्पावर मिळाली. तू इतकं खोदते आहेस म्हणून हेही सांगितलं.

आणि आता अडचण ऐक. अबूला पाठवायचं तर पासपोर्टऐवजी दूतावासाला इमर्जन्सी सर्टिफिकेट द्यावं लागेल, एकदाच मायदेशी येण्यापुरता कागद. त्याच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. पासपोर्ट हरवला, की फाटला, की कुणी अडवला? 'नियोक्त्याने अडवला' असं लिहिलं तर चौकशी लागते. चौकशीत पहिला कागद तोच निघेल, जो भिंतीवर आहे. माझ्या घराण्यात आजवर कुणी बसलं नाही त्या खुर्चीवर मी दीड वर्ष बसलोय, आणि ती काढून घ्यायला टपलेली माणसं दिल्लीत कमी नाहीत. परीक्षा न देता आलेला म्हणून ते मला 'पंपवाला' म्हणतात.

तुला राग यायचा हक्क आहे. पण मला एक सांग. मी ही पद्धत कुठे शिकलो? लातुरात. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मी आपल्या कॉलेजात आलो होतो. तू आता तिथली कार्यालय अधीक्षक. चहा दिलास आणि खिडकीजवळचं लोखंडी कपाट उघडून दाखवलंस. किती अभिमानाने! सगळ्या मुलांचे मूळ दाखले आणि गुणपत्रकं, वर्गवार गठ्ठे, प्रत्येकाला लाल फीत. मी विचारलं, 'हे मुलांकडे का नाहीत?' तू म्हणालीस, 'निकाल लागेपर्यंत ठेवतो. नाहीतर मुलं मधेच दुसरं कॉलेज धरतात.'

तेच कपाट ना ते, ज्यात माझा दाखला होता? किल्ली आता कुणाकडे असते, बिलकीस?

संघपाल

*

लातूर,
३१ ऑगस्ट २०२५, रविवार

संघपाल,

बारा दिवस उत्तर दिलं नाही. पहिले चार दिवस डायरीत तुला शिव्या लिहिल्या. पाचव्या दिवशी पान कोरं सोडलं.

किल्ली माझ्याकडे असते. घराच्या किल्ल्यांच्याच जुडग्यात, सगळ्यात मोठी. नियम कुठंही लिहिलेला नाही. संस्थेचे सचिव किशनराव तोंडी सांगतात आणि मी अमलात आणते. तू निदान सही केलीस. मी तर सहीही केली नाही, तरी सोळा वर्षं तो नियम चालला.

जुलैत दीपमाला नावाची मुलगी तीनदा आली. मुरुडची, पदवीच्या पहिल्या वर्षाची. तिला नांदेडला नर्सिंगला जायचं होतं, दाखला हवा होता. तिसऱ्या वेळी वडिलांना घेऊन आली. ते दाराशी चपला काढून उभे राहिले. मी मान वर न करता म्हणाले, 'साहेब नाहीत. नियम आहे. पुढच्या आठवड्यात या.' त्याच दुपारी मी तुझ्या दूतावासाला दुसरा ई-मेल लिहिला होता. त्याच खुर्चीवर बसून. मी तारखा ताडून पाहिल्या, चूक नाही.

आणखी एक. अबू निघाला तेव्हा दारात त्याला मीच सांगितलं, 'पासपोर्ट जमा कर म्हणतील. घाबरू नको, करून टाक, फक्त पावती घे.' दुसऱ्या कुठल्या घरातली बहीण म्हणाली असती, पासपोर्ट कुणाला देऊ नको. आपल्याकडे शाळेपासून सवय आहे, मूळ कागद साहेबाच्या कपाटात आणि आपल्या हातात झेरॉक्स. त्यात चूक काही आहे हे मला सुचलंच नाही.

काल नांदेडला जाऊन आले. दीपमालाचा दाखला घेऊन गेले होते, ती तिथं मामाकडं होती. प्रवेशाच्या सगळ्या फेऱ्या संपल्या होत्या. तिनं दाखला घेतला, सही कुठं करू विचारलं, आणि आत निघून गेली. एका शब्दानं भांडली असती तर बरं झालं असतं.

मग तुझ्या आईकडं, सुमनमावशींकडं गेले. तुझा जोधपुरी कोटातला, तिथल्या राष्ट्राध्यक्षांसोबतचा फोटो भिंतीवर आहे. मावशी म्हणाल्या, "बघ की, सोताचं लेकरू हाय, पन वळखू येत न्हाई. गळा आवळल्यागत दिसतंय."

चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुझ्या अब्बाला कसं इसरू मी? ह्याचा बाप कॉलेजाच्या पायरीवर दोन दिस बसला, कुनी कुत्रं इचारना. तवा तुझा अब्बा म्हनला, 'रामकिशनभाऊ, उटा.' कॉलेजाची नवी रजिस्टरं त्याच्याकडंच बांधाया हुती. त्यानं निरोप धाडला, 'रजिस्टरं शिवून तयार हायती, कडा कापायच्या बाकी हायती. पोराचा दाखला आला की कापतो.' येका तासात शिपाई सायकलवर दाखला घिऊन आला!" आणि त्या खूप हसल्या. मग अगदी सरळ मनानं विचारलं, "तू आता तितंच मोटी बाई हायस न्हवं? आता पोरान्ला कागद लगीच मिळत आसतील."

मी चहात बिस्कीट धरून होते. ते तुटून आत पडलं.

उद्या सोमवार. उद्या सकाळी मी कपाट उघडणार आहे आणि प्रत्येक वर्गात निरोप देणार आहे, की आपापले मूळ कागद घेऊन जा. किशनरावांना आधी विचारणार नाही, कारण विचारलं तर ते नाही म्हणतील आणि मग मला ते ऐकायची सवय आहे.

पण एक गोष्ट नीट वाच. तू माझं कपाट दाखवलंस, ते खरं आहे आणि त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. म्हणून तुझी तिजोरी बंद राहायला चालेल असं नाही. मी चोर निघाले म्हणजे तू साव ठरत नाहीस. माझ्या कपाटामुळं मुलीचं वर्ष गेलं. तुझ्या तिजोरीमुळं माझ्या भावाचा हात सडतोय. तुला 'तुमची माणसं' म्हणून सुनावणाऱ्यांचा मलाही राग येतो. पण त्यांनी तुला लावलेला डाग तू जळकोटच्या माणसांच्या कागदांनी पुसलास.

अबूचा ताप काल एकशे दोन होता.

बिलकीस

*

भारतीय दूतावास,
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय बिलकीस,

काम झालं. उद्या शनिवारी पहाटे अबूसह तेरा जण मुंबईत उतरतील. सगळ्यांना इमर्जन्सी सर्टिफिकेट दिली आहेत. मी स्वतः कॅम्पवर गेलो होतो. मंत्रालयाला आणि कंपनीला न दुखावता मार्ग निघाला. राजनय म्हणतात तो हाच, कुणी हरलं असं वाटता कामा नये.

चौदावा मडिवाळप्पा. त्याने अर्जावर सही करायला नकार दिला. हट्टी माणूस आहे. उद्घाटनानंतर तो कंपनीमार्फत येईल.

तुला निलंबित केल्याचं आईकडून कळलं. किशनरावांशी फोनवर बोललो. माझा शब्द ते मोडणार नाहीत, आठवडाभरात तू पुन्हा रुजू होशील. तू फक्त एक ओळीचा खुलासा दे, की कागद वाटप अनवधानाने झालं.

नांदेडची सत्कार समिती माझ्यावर गौरव अंक काढते आहे. त्यांना मी तुझं नाव सुचवलं आहे. शाळकरी वयापासून ओळखणारं दुसरं कुणी लिहितं नाही.

आता तरी रागावू नकोस.

तुझा,
संघपाल

*

लातूर,
२१ सप्टेंबर २०२५

संघपाल,

अबू घरी आला. तेराही जण आपापल्या घरी पोचले. त्यासाठी मी तुझे आभार मानते. हे वाक्य खरं आहे, म्हणून पहिलं लिहिलं.

मंगळवारी त्याची दोन बोटं मधल्या पेरापासून कापली. सर्जन म्हणाले, दोन आठवडे आधी आणलं असतं तर एक वाचलं असतं. अब्बा त्याला डाव्या हातानं सुईत दोरा ओवायला शिकवत आहेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे हात थरथरतात आणि चौतीस वर्षांच्याला जमत नाही. अर्शी ते बघते आणि स्वयंपाकघरात जाते.

परवा मी अबूच्या सर्टिफिकेटच्या अर्जाची प्रत पाहिली. कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे, 'पासपोर्ट हरवला.' बाकीच्या बारा जणांकडून फोटो मागवले, तेराही अर्जांवर तेच. एकाच अक्षरात, एकाच पेनानं.

मी अबूला विचारलं, "तुझा हरवला होता?"

"न्हाई आपा. तिजोरीचं दार उघडं होतं तवा समोर दिसत होता. निळा गठ्ठा."

"मग सही का केलीस?"

तो खाली बघून म्हणाला, "संघपालभाई आले, मला 'अबू' म्हणून हाक मारली. म्हणाले, 'एवढं कर, उद्या घरी जाशील.' सही करायची ताकद नव्हती, डाव्या हातानं केली."

डाव्या हातानं, संघपाल! ज्याची बोटं गेली त्याच्याकडून लिहून घेतलंस की चूक त्याचीच. आता तेरा जणांच्या नावावर पासपोर्ट हरवल्याची नोंद आहे. नवा काढायला गेले की पोलीस त्यांना विचारतील, कुठं हरवला, कसा हरवला, विकला का? आणि ते उत्तर देतील काय? कंपनी स्वच्छ, तू स्वच्छ, मंत्री खूश. कुणी हरलं असं वाटता कामा नये, म्हणून ते तेरा जण कागदोपत्री हरले.

एकटा मडिवाळप्पा त्यात सामील झाला नाही. काल फोनवर म्हणाला, "बाई, मी सायबाला म्हनलो, न्हाई हारवला. त्यो काय तितं हाय. डोळ्यानं दिसतंय त्याला हारवला म्हनून लिवून द्यायला मी येडा हाय का तुमी?"

"साहेब काय म्हणाले?"

"काय म्हनत्यात? घड्याळ बघितलं."

इथल्या पेपरात छापून आलंय, 'मराठवाड्याच्या सुपुत्राने केली तेरा कामगारांची सुटका'. तुझा हार घातलेला जुना फोटो. समितीचे दोघे घरी येऊन गेले, अंकासाठी हजार शब्द हवे आहेत. अबूनं त्यांना चहा दिला. कप डाव्या हातात होता, त्यांना ते दिसलं नाही.

खुलासा मी दिला. एका ओळीचाच. 'कागदांचे वाटप जाणीवपूर्वक केले.' किशनरावांचा फोन आला, "अहो बाई, साहेबांनी तुमच्यासाठी शब्द टाकलाय, आणि तुम्ही हे काय लिहून ऱ्हायलात?" मी म्हटलं, त्यांचा शब्द त्यांना परत करा. कपाट रिकामं आहे, ते आठवून मला झोप लागते. नोकरीचं काय होईल ते माहीत नाही, आणि मी धीट आहे असंही समजू नकोस.

अंकासाठी मी लेख लिहिणार आहे. त्यात रजिस्टरांची गोष्ट असेल, जशी झाली तशी. भिंतीवरचा सातवा नियम असेल, आणि तेरा अर्जांतलं ते एकच वाक्य. माझं कपाट आणि दीपमालाही असतील, नाहीतर मला लिहायचा अधिकार नाही. हा सूड आहे का, हे मी तीन रात्री स्वतःला विचारलं. थोडा आहे. पण मजकूर खरा आहे. छापणार नाहीत हे मला माहीत आहे. म्हणून एक प्रत परराष्ट्र मंत्रालयाला पाठवणार आहे. पाच ऑक्टोबरला, कारण त्याआधी तुला वाचायला मिळालं पाहिजे. मागून वार करायचा नाही.

मडिवाळप्पा अजून तिथं आहे. ते तेवढं तुझ्या हातात आहे.

बिलकीस

*

२ ऑक्टोबर २०२५

बिलकीस,

तुझा लेख मला पाठवू नकोस. मंत्रालयाला पाठव. उशीर करू नकोस.

आज पंपहाउसचं उद्घाटन झालं. व्यासपीठावर माझ्या नावाची खुर्ची होती. मी ती रिकामी सोडली, असं लिहिलं तर पुन्हा भाषणातल्यासारखं होईल. मी बसलो होतो. फीत कापली, पाणी आलं, टाळ्या झाल्या. मग मंत्री जेवायला गेले आणि मी गाडी कॅम्पकडे वळवली. तेवढंच धैर्य होतं.

मडिवाळप्पा पत्र्याच्या पेटीवर बसला होता. मला बघून उठला नाही. म्हणाला, "आलात? बसा. खुर्ची न्हाई."

मी पेटीच्या दुसऱ्या कडेला बसलो. रामकिशन सोनकांबळे तसाच बसला असेल, त्या पायरीवर. मी तेव्हा बापाजवळ नव्हतो, हे तुला ठाऊक नाही. मला लाज वाटत होती म्हणून मी तुझ्या घरी चाचांच्या दुकानात कागद मोजत बसलो होतो. प्राचार्यांपुढे मी कधी उभाच राहिलो नाही. सायकलवरून आलेला दाखलाही मी हातात घेतला नाही, चाचांनीच तो माझ्या खिशात घातला.

मी अर्ज काढला आणि माझ्या हाताने भरला. त्याला वाचून दाखवायला लागलो तर म्हणाला, "मला वाचता येतंय." बोट ठेवून एकेक शब्द वाचला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं:

'पासपोर्ट हरवलेला नाही. तो कंपनीच्या साइट ऑफिसच्या तिजोरीत आहे. तिथे तो ठेवण्याचा नियम मार्च २०१७ मध्ये खाली सही करणाऱ्याने केला. यापूर्वीच्या तेरा अर्जांत नोंदवलेले कारण खोटे असून ते लिहायला कामगारांना याच अधिकाऱ्याने भाग पाडले.'

याच्या प्रती दिल्लीला आणि कंपनीला आजच गेल्या. तेरा जणांना द्यायची पत्रं सोबत तुझ्याकडे पाठवतो, पोलिसांना दाखवायला लागतील. अबूच्या पाकिटात वेगळी चिठ्ठी नाही. काय लिहावं ते सुचलं नाही.

मडिवाळप्पाने रकाना दोनदा वाचला. मी पेन त्याच्यापुढे धरलं. त्याने ते घेतलं नाही. म्हणाला, "आदी तुमी करा सायेब. मग मी करतो."

मी केली. शेपटी या वेळी रकान्यातच राहिली.

संघपाल